पावसाच्या नाल्यात उन्हाळ्यात पाणी येते कुठून?

दरवर्षी एप्रिल-मे आला की मुंबईत नालेसफाईचा हंगाम सुरू होतो. पुढारी पांढऱ्या कपड्यांत नाल्याच्या कठड्यावर उभे राहतात, पोकलेनकडे बोट दाखवून फोटो काढून घेतात. महापालिका टक्केवारी जाहीर करते, विरोधक ती खोटी असल्याचे सांगतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की हिंदमाता, सायन, कुर्ला, चेंबूर पाण्याखाली जाते आणि टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी सुशिक्षित माणूस ते ठरलेले वाक्य बोलतो: झोपडपट्टीवाले नाल्यात कचरा टाकतात, म्हणून शहर तुंबते.

हे वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकून घेतले. कधी चिडलो, कधी मान खाली घातली. आता त्याचे उत्तर द्यायला हवे आणि ते नाल्याच्या काठावर उभे राहूनच द्यायला हवे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या वस्तीलगतच्या कोणत्याही नाल्यावर जा. पाऊस जाऊन चार-पाच महिने झालेले असतात. तरी नाला वाहत असतो. काळा, फेसाळ, खालून बुडबुडे येणारा. तिथे झरा नाही आणि नदीही नाही. मग हे पाणी कुणाचे? महापालिकेच्या कागदावर या नाल्याचे नाव आहे पर्जन्य जलवाहिनी, म्हणजे पावसाचे पाणी नेणारी. मुंबईत पावसाच्या पाण्याचे जाळे वेगळे आणि सांडपाण्याचे जाळे वेगळे आखलेले आहे. सांडपाणी मलवाहिनीतून उदंचन केंद्रात आणि तिथून प्रक्रिया केंद्रात जावे, पावसाचे पाणी मात्र सरळ खाडीत-समुद्रात जावे, अशी ही रचना. पावसाच्या पाण्यावर प्रक्रिया होत नाही, कारण ते स्वच्छ आहे असे गृहीत धरलेले आहे. या एका गृहीतकावर सगळी चोरी चालते. ज्याला मैलापाण्याचा खर्च टाळायचा आहे त्याने आपला पाइप रात्रीतून पावसाच्या वाहिनीला जोडायचा. पुढचा खर्च समुद्र आणि नाल्याकाठची माणसे उचलतात.

म्हणून आमचे साधे म्हणणे आहे. उन्हाळ्यात वाहणारा पावसाचा नाला हा गुन्ह्याचा पुरावा आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

हा गुन्हा करतो कोण? नाल्याच्या वरच्या अंगाने चालत जा, म्हणजे कळेल. नवीन टॉवरची मलवाहिनीची जोडणी रखडलेली असते, पण फ्लॅटचा ताबा दिलेला असतो. हॉटेलच्या मोरीतून तेल आणि चरबी येते. गॅरेजमधून काळे ऑइल येते. सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री दोन वाजता झाकण उचलून मोकळा होतो, कारण प्रक्रिया केंद्रापर्यंत जायला डिझेल लागते. बांधकामावरचे मिक्सर धुतले जातात आणि सिमेंटचे पाणी गटारात जाऊन तिथेच दगड होऊन बसते. रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची खडी, पाडकामाचा राडारोडा, फुटक्या लाद्या, सगळे त्याच वाटेने जाते. गाळ म्हणतात तो काही फक्त वेफरच्या पिशव्यांनी बनत नाही. बांधकाम राडारोड्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत. ते नियम मोडणारा बिल्डर आपण टीव्हीवर कधी पाहिला? कॅमेरा दरवेळी वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबतो, नाल्याच्या उगमाकडे जात नाही.

आणि हो, वस्तीचा मैलाही नाल्यात जातो. हे लपवायचे काही कारण नाही. सार्वजनिक संडासाची टाकी भरून वाहते, तिला मलवाहिनीची जोडणी नसते आणि ते पाणी उताराने नाल्यात उतरते. पण जोडणी का नाही? कारण वस्ती ‘अनधिकृत’. कारण कट-ऑफ तारीख. कारण जमीन कलेक्टरची की रेल्वेची की आणखी कुणाची, हे ठरत नाही. पिण्याचे पाणीसुद्धा याच तारखेच्या नावाखाली नाकारले जात होते. पाणी हक्क समितीला त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने महापालिकेला सुनावले की घर अनधिकृत असले तरी माणसाचा पाण्यावरचा हक्क जात नाही. पाण्यासाठी हे ऐकावे लागते, तर गटारासाठी काय अवस्था असेल? ज्या माणसाला तुम्ही मलवाहिनी दिली नाही, त्याला मैला नाल्यात सोडल्याबद्दल दोष देणे म्हणजे आधी विहिरीवर येऊ द्यायचे नाही आणि मग हे लोक अंघोळ करत नाहीत म्हणून नाक मुरडायचे. ही रीत आपल्याला नवीन नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर सगळ्यांना १९९३ चा ब्रिमस्टोवॅड अहवाल आठवला. बारा वर्षे तो फायलीत होता. जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ती ५० मिलिमीटरपर्यंत न्यायची असे ठरले. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे मोठी पंपिंग स्टेशने आली. ती नकोत असे आम्ही म्हणत नाही. पाणी उपसलेच पाहिजे, पहिले बुडते ते आपलेच घर. पण हा सगळा खर्च पाणी किती वेगाने समुद्रात फेकता येईल यावर झाला. त्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न बाजूलाच पडला. मैला मिसळलेले पाणी जास्त वेगाने समुद्रात फेकणे याला विकास म्हणत असतील तर म्हणोत. भरतीच्या वेळी समुद्र ते परत पाठवतो आणि ते कुलाब्याच्या बंगल्यात शिरत नाही. ते नाल्याकाठच्या दहा बाय पंधराच्या खोलीत शिरते, पिठाच्या डब्यात शिरते, पोरांच्या दप्तरात शिरते.

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. दर पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, डॉक्सिसायक्लिन घ्या. सल्ला योग्य आहे, तो पाळा. पण ज्या बाईला धुणीभांडी करायला रोज त्याच पाण्यातून जायचे आहे, तिने बहात्तर तास कुठून मोजायचे?

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आपल्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याच्या बारीक पाइपांचे जुडगे गटारातूनच गेलेले असतात. पाणी येते दिवसाचे एक-दोन तास. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि त्याला कुठे चीर असेल तर बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळ आला की पहिली बादली फेकायची असते, हे आपल्या आयांना कुणी न शिकवता माहीत आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दलित-आदिवासींच्या वापरातले पाणी घाण करणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. गावातल्या विहिरीत विष्ठा टाकली तर हे कलम आपल्याला आठवते. शहरात पाइपातून तेच होते तेव्हा आपण त्याला ‘नागरी समस्या’ म्हणतो. आपल्यातल्या वकील मंडळींनी यावर डोके लावावे.

आता नाल्यात उतरणाऱ्या माणसाकडे येऊ. खरे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

मोठ्या नाल्यात पोकलेन उतरते. पण वस्तीतला अरुंद नाला, रस्त्याखालची बंद पेटी, कल्व्हर्टचा कोपरा इथे यंत्र जात नाही. तिथे ठेकेदाराचा माणूस उतरतो. गुडघाभर, कधी कमरेभर. हातात फावडे आणि घमेले, पायात असलीच तर चप्पल. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या कामावर माणूस नेमायला बंदी घातली. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख देण्याचा आदेश दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम ३० लाख झाली. २९ जानेवारी २०२५ ला याच न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी होणारी गटारसफाई बंद करा असे बजावले. कागदावर सगळे आहे.

मग पळवाट कुठे? नावात. कायद्याने ‘सीवर’ म्हणून धरली ती मानवी मैला वाहून नेणारी भूमिगत वाहिनी. आणि माणूस उतरतो ती वाहिनी महापालिकेच्या नोंदीत पावसाच्या पाण्याची. काम काय? गाळ काढणे. गाळ म्हणजे माती. माती उपसणारा माणूस मैला उचलणारा कसा? ठेकेदार असे म्हणू शकतो, अधिकारीही म्हणू शकतो. वाहिनीत मैला आहे हे नाकाला कळते, पण कंत्राटात तो शब्दच नसतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला उचलताना कुणी मेल्याची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्यांना त्यांनी ‘धोकादायक सफाई’ या दुसऱ्या रकान्यात टाकले होते. तोच रकान्यांचा खेळ पावसाच्या नाल्यात एक पायरी आणखी खाली खेळला जातो. नाव पावसाचे, काम मैल्याचे आणि माणूस ‘अकुशल मजूर’.

म्हणून पावसाच्या पाण्यात मैला मिसळू न देणे हा आमच्या लेखी जातिअंताचा प्रश्न आहे. त्या वाहिनीत खरोखर फक्त पावसाचे पाणी आणि माती असती तर तिच्यात उतरणे हे कष्टाचे असले तरी दुसऱ्या कोणत्याही मजुरीसारखे काम राहिले असते. तिथे मैला सोडला जातो, तेव्हाच त्या कामाला जात चिकटते. नाल्यात उतरणारी माणसे बघा. बौद्ध, मातंग, मेघवाळ, रुखी, वाल्मिकी, तमिळनाडूतून आलेले आपले भाऊ. टॉवरचा चोरटा पाइप बंद करणे म्हणजे या माणसाला नाल्यातून वर काढणे होय. हे दोन वेगळे लढे नाहीत.

२०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. फार वाईट मृत्यू. शहर हळहळले आणि हळहळायलाच हवे होते. त्यानंतर मॅनहोलखाली जाळ्या बसवायची मोहीम निघाली. आम्हाला त्या जाळ्यांबद्दल तक्रार नाही. आम्ही एवढेच विचारतो की त्याच मॅनहोलमध्ये पोटासाठी स्वतःहून उतरवलेला माणूस मरतो तेव्हा शहर का हळहळत नाही. वरून पडलेल्याचे दुःख वेगळे आणि खाली पाठवलेल्याचे वेगळे, असे का असावे?

कारण खाली पाठवणे हे त्यांना नैसर्गिक वाटते. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले ते दिल्लीच्या वाल्मिकी वस्तीत झाडू मारून, बोधचिन्ह गांधींचा चष्मा. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात याच वृत्तीची चिरफाड केली आहे. भंगीकामाला सेवा म्हणून गौरवायचे आणि त्या गौरवाच्या जोरावर ते त्याच जातीच्या गळ्यात कायम ठेवायचे, ही लबाडी त्यांनी तेव्हाच ओळखली होती. आज ‘स्वच्छतादूत’ म्हणतात, हार घालतात, पाय धुतात. किमान वेतन मागितले की ठेकेदाराकडे बोट दाखवतात. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, निकाल लागला २०१७ मध्ये. सत्कारासाठी कुणालाच कोर्टात जावे लागत नाही.

महाड आठवा. २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. या समाजाकडे विटाळाचे इतके बारीक शास्त्र आहे. कुणाच्या सावलीने काय बाटते ते ठाऊक आहे, पण शेणामुतानेच पाणी घाण होते हे मात्र ठाऊक नाही. माणूस घाण आणि पाणी पवित्र, असे मानणारा समाज पाण्यात वाटेल ते सोडू शकतो. गंगेपासून मिठीपर्यंत हेच चालू आहे. योगायोग असा की देवनारचे डम्पिंग ग्राऊंडही १९२७ पासूनचे. तिकडे आपण पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर उभे होतो, इकडे शहर आपला कचरा कुठे नेऊन ओतायचा ते ठरवत होते. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते ते सांगायला नको.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलू. हे वाचून काही कार्यकर्ते म्हणतील की नाले आणि गटारे हा एनजीओवाल्यांचा विषय, चळवळीने राजकीय प्रश्न घ्यावेत. हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवले. फुकटात नाल्यात मैला सोडणारा बिल्डर आणि तो उपसायला ठरावीक जातीचाच माणूस शोधणारा ठेकेदार, या दोघांत ते दोन्ही शत्रू एकाच नाल्यावर भेटतात. यापेक्षा राजकीय प्रश्न कोणता? दुसरे, पर्यावरण म्हणजे रविवारी सकाळी हातमोजे घालून समुद्रकिनारा साफ करणाऱ्यांची मिरास नाही. ते जो कचरा उचलतात तो नाल्याने आणलेला असतो आणि सोमवारी परत येतो. हातमोजे मात्र चांगले असतात. नालेसफाईच्या मजुराला तसे मिळाले तर बरे होईल.

तिसरे जरा कडू आहे. १४ एप्रिलला आपल्याच मंडळांच्या पाणपोया आणि भोजनदानाचे प्लास्टिकचे पेले, थर्माकोलच्या ताटल्या रात्री गटाराच्या तोंडाशी साचतात. राज्यात २०१८ पासून या वस्तूंवर बंदी आहे. दुसऱ्या दिवशी ते उचलणाराही आपलाच असतो. स्टीलचे पेले आणि पत्रावळी एवढी व्यवस्था मंडळाला जड नाही. बिल्डरच्या गुन्ह्यापुढे हे काहीच नाही, पण टीव्हीवरच्या त्या सुशिक्षित माणसाला बोट ठेवायला जागा आपण का द्यावी?

मिठीच्या गाळ उपशात घोटाळा झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. न्यायालय काय ते ठरवेल. पण गाळाचा धंदा कसा चालू शकतो ते समजून घ्या. जेवढा गाळ जास्त, तेवढे बिल मोठे. नाल्यात घाण जाऊच नये यात ठेकेदाराचा काय फायदा? प्रतिबंधात टेंडर नाही, उपशात आहे. त्यात २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षे मुंबईत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. विचारणार कोण होते?

विचारायचे आपण. माहितीच्या अधिकारात फक्त कागद मिळतात असा समज आहे. २००५ च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात तुमच्या नाल्याच्या कंत्राटाची प्रत, वजनकाट्याच्या पावत्या, गाळ जिथे टाकला त्या जागेची नोंद, कामगारांची हजेरी आणि दिलेल्या सुरक्षा साधनांची यादी मागा, सोबत नाल्याला असलेल्या बेकायदा जोडण्यांची यादीही मागा. यादी नाही असे उत्तर आले तर ते उत्तरही जपून ठेवा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात प्रवाहाची व्याख्या वाचा: वाहता असो की तात्पुरता कोरडा, दोन्ही त्यात येतात आणि त्यात घाण सोडणे गुन्हा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला हे आपण लेखी कळवायचे, फोटो आणि तारखेसह. माणूस आत उतरवलेला दिसला तर पोलीस ठाण्यात २०१३ चा कायदा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(जे) दोन्ही लावण्याचा आग्रह धरा. तक्रारीत ‘गाळ’ लिहू नका. ‘मानवी मैला’ लिहा.

सुरुवात दादरपासून करता येईल. चैत्यभूमीलगत चौपाटीवर पर्जन्य जलवाहिनीचे पातमुख आहे. महापालिकेने त्याच्यावर प्रेक्षक गॅलरी बांधली आणि तिला माता रमाबाई आंबेडकर यांचे नाव दिले. ६ डिसेंबरला देशभरातून लाखो लोक तिथे येतात. पावसाळा तेव्हा संपलेला असतो. यंदा त्या गॅलरीवर उभे राहून खाली बघा, समुद्रात काय उतरते आहे ते मोबाइलमध्ये तारखेसह टिपा. मग ते पाणी वरच्या बाजूला कुठल्या कुठल्या इमारतींखालून येते याचा नकाशा महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे मागा. आम्ही आमच्या वॉर्डासाठी असा अर्ज तयार केला आहे. नाल्याचे नाव बदलले की तोच अर्ज तुमच्या वॉर्डातही चालेल.